तिसऱ्या बेसजवळची अक्का

अक्का,

तुला लिहून काय उपयोग, हे मला माहीत आहे. तुला वाचता येत नव्हतं. पण आपल्या कॉलेजच्या अंकात तुझ्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं, असं आपले खेळाचे सर म्हणाले आणि सगळ्या मुलींनी माझ्याकडे बघितलं. मी ‘दुःखद निधन’ असं लिहून सुरुवात केली आणि खोडली. मग ‘आमच्या लाडक्या मार्गदर्शिका’ असं लिहिलं, तेही खोडलं. तुझ्या समोर कुणी असं बोललं असतं तर तू मागे वळून बघितलं असतंस, कोण बाई आल्यात म्हणून. तेव्हा मी तुझ्याशीच बोलते. चुकलं तर तू मैदानावर म्हणायचीस तेच म्हण, “परत टाक.”

पहिल्यांदा मी तुला ‘तुम्ही’ म्हणाले होते. तू हसलीस. “अक्का म्हणतीस आन तुमी कशाला? तुमी म्हणायचं असंल तर बाई म्हण.” त्या दिवसापासून तू ‘तू’ झालीस. घरी आई सोडली तर कुणा मोठ्या बाईला मी तू म्हणत नव्हते.

आपल्याकडे सोलापुरात सॉफ्टबॉल आला तेव्हा तो कुणालाच येत नव्हता, हे आता नवीन मुलींना खरं वाटत नाही. सर पुण्याला एका शिबिराला गेले होते. येताना एक बॅट, थोडे हातमोजे आणि इंग्रजी नियमांचं पुस्तक घेऊन आले. बेस म्हणून आपण वाळू भरलेली गोणपाटं ठेवली. मदतीला म्हणून जे शिकवणारे मिळाले, ते सगळे आपापला खेळ बरोबर घेऊनच आले. शेखमामा गिरणीत कामाला, गिरणीच्या क्रिकेट संघाचे यष्टिरक्षक. त्यांच्या हाताखाली आम्ही सगळ्याच स्टंपामागे बसल्यासारख्या वाकून उभ्या राहू लागलो. “गेंद को पैले आँखां से पकड़ो, हातां बाद में आते,” असं ते दर चेंडूला सांगायचे. आणि मोजा लावलेल्या हाताने कुणी झेल सोडला की डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घालायचे.

तुला तर शिकवायला घेतलंच नव्हतं. परगावी सामन्याला जायचं तर मुलींच्या सोबतीला एक बाई पाहिजे, नाहीतर घरचे पाठवणार नाहीत. आपल्या संघातल्या विमलच्या आईने तुझं नाव सांगितलं. भवानी पेठेत त्यांच्याच गल्लीत तू राहायचीस. तू आलीस ती सूप घेऊन. लिंबाखाली बसून मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. आम्ही पळत होतो आणि तू विड्या वळत होतीस. चार गोणपाटांना फेरा घालून धाव पूर्ण करायची, एवढाच तो खेळ तोवर आम्हाला कळला होता. तू बराच वेळ बघितलंस. मग म्हणालीस, “अशा काय पळता गं? लग्नाला चालल्यासारखं.”

विमल म्हणाली, “मग तू पळून दाखव की अक्का.”

तू सूप बाजूला ठेवलंस, पदर खोचलास आणि अनवाणी पळालीस. कोपऱ्यावर वळताना तू जमिनीला हात लागेल इतकी कललीस. ते खो-खोतलं वळणं होतं, मला लगेच कळलं, कारण करमाळ्याच्या शाळेत मीही खो-खोच खेळले होते. तू परत येऊन सुपापाशी बसलीस. दम लागला होता, पण तू पहिल्यांदा बघितलंस ते तंबाखू उडाला का. पुढच्या आठवड्यात सरांनी तुला तिसऱ्या बेसजवळ उभं केलं. पळत येणाऱ्या मुलीला तिथल्या माणसाने सांगायचं असतं, थांब किंवा जा. थांब हे तू मराठीत सांगायचीस. जा मात्र कायम तुझ्या तेलुगूत यायचं. “पो! पो!” त्या हाकेने पाय आपोआप उचलले जायचे.

कोल्हापूरचा सामना तुला आठवतोच. तो तू कुणाला विसरू दिला नाहीस. शेवटचा डाव, आपल्याला बरोबरीला एकच धाव पाहिजे होती, आणि मी तिसऱ्या बेसवर, तुझ्या अगदी शेजारी. विमलने चेंडू उंच मारला. तू ओरडलीस “पो!” आणि मी सुटले. चेंडू वर असतानाच. पहिल्या बेसजवळून शेखमामा घसा फाटेपर्यंत ओरडत होते, “पलटो बेटी, पलटो!” ते मला ऐकू आलं होतं. पण पाय वळले नाहीत. मी धाव पूर्ण करून दोन्ही हात वर केले आणि बघते तर समोरच्या मुली नाचतायत. झेल घेतला गेला होता आणि चेंडू माझ्या आधी तिसऱ्या बेसवर पोचला होता. उंच चेंडू झेलला की पळणारीने मागे यायचं, बेसला पाय लावायचा आणि मग हवं तर पुन्हा पळायचं, हा नियम सरांनी आपल्याला शिकवला होता. पण खो-खोत पाठलाग करणारीने एकदा दिशा धरली की खांब येईपर्यंत मागे फिरायचं नसतं. ते आपल्या दोघींच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की तुला ‘मागं ये’ म्हणायला सुचलं नाही आणि मला मागे यायला.

परतीच्या एसटीत सर पुढे बसले होते, एकटे. शेखमामांनी भजी घेतली आणि सगळ्यांना वाटली. तू माझ्या शेजारी बसून म्हणालीस, “पळालीस मात्र झकास.”

“बाद झाले ना पण.”

“ते हाय. पण पळालीस झकास.”

त्यानंतर वर्षभर तुझं आणि सरांचं भांडण चाललं. सर पुस्तक उघडून नियम दाखवायचे आणि तू म्हणायचीस, “लिवलंय ते असू दे. पळणाऱ्याला म्हणायचं परत जा, हा कसला खेळ? आमच्यात फिरली की फाऊल.” मी सरांच्या बाजूने बोलायचे. झेल झाला म्हणजे समोरच्यांनी काहीतरी कमावलं, मग त्यांना काहीतरी मिळायला नको का, असं मी म्हणायचे. तू मला फितूर म्हणायचीस. पण मैदानावर तू नियम पाळलास. चेंडू उंच गेला की आधी ओठ घट्ट मिटायचीस. ‘पो’ आत दाबून धरायला तुला किती कष्ट पडायचे ते आम्हाला दिसायचं, आणि आम्ही हसायचो.

मागच्या वर्षीच्या अंकात मदतनीस शिक्षकांचा परिचय द्यायचा, असं सरांनी ठरवलं होतं आणि ते काम मला दिलं होतं. शेखमामांनी सगळं भरभरून सांगितलं, कुठल्या सामन्यात कुणाला यष्टिचीत केलं तेसुद्धा. तुला विचारलं, “व्यवसाय काय लिहू?”

“लिही की, विड्या वळते.”

सर जवळच उभे होते. ते जरा अवघडून म्हणाले, “बाई, समाजसेविका लिहू या का? छापल्यावर बरं दिसतं.”

तू सुतळीचं टोक दातात धरून विड्यांचा कट्टा बांधत होतीस. तो बांधून झाल्यावर म्हणालीस, “समाजाची कुटली सेवा केली मी, सर? मी वळते आन समाज वडतो. ही सेवा धरत असाल तर लिवा.”

शेखमामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. सरही हसले, पण व्यवसायापुढे कुठले शब्द घालायचे हे ठरलं नाही. मग मी विचारलं, “खेळ कुणी शिकवला तुला?” तू म्हणालीस, “पुढचं विचार.” मी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही तेच म्हणालीस. मी ती जागा तशीच सोडली. पुढे कागदाच्या टंचाईत अंकच निघाला नाही आणि तुझा परिचय राहिला.

आता दिवाळीचं. ते सांगायला मला सगळ्यात अवघड जातंय.

सुट्टी लागायच्या आधी माझा चुलतभाऊ वसतिगृहावर आला. “आबानं बोलावलंय. पावणं येणार हायती तुला बघायला.” एवढंच सांगून तो बाजाराला गेला. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. आबा, माझे वडील, आडत बाजारात हमाली करतात, त्यांना सही येत नाही. मला पाठवताना त्यांनी कुणालाही विचारलं नव्हतं. आणि परत बोलावतानाही विचारणार नाहीत, असं मला वाटलं. गेले तर अडकले. मी सरळ तुझ्या घरी आले आणि म्हणाले, “मी सुट्टीत जाणार नाही. तुझ्याकडे राहते.”

तुझे हात थांबले नाहीत. “राहा की. जागा हाय. पण मग जाणार कदी?”

“नाहीच जाणार. तूच म्हणतेस ना, एकदा दिशा धरली की मागं फिरायचं नाही.”

“ते खो-खोत.”

“आणि परत जायचा नियम तुला पटत नाही.”

“अजून बी पटत न्हाय.” मग तू सूप खाली ठेवलंस. माझ्याशी बोलताना तू सूप खाली ठेवलंस, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

तू म्हणालीस, “तू विचारत हुतीस ना, खेळ कुणी शिकवला? माज्या नान्नानं. बापानं. मागावरनं उठून मैदानात यायचा, हाताला रंग तसाच. दुसऱ्यांच्या पोरी घरात आन मी मैदानात. लोकं बोलायची. तो म्हणायचा, बोलू दे, तू पळ. मग त्यानंच स्थळ बघितलं. मला नको हुतं. मी भांडले न्हाय, सांगितलं न्हाय. निघून आले आन तुज्या भावजींसंगं लगीन लावलं. शुक्रवार पेठेत माहेर हाय माजं. हितनं निघालीस तर कपातला चहा निवायच्या आत पोचशील. न्हाय गेले. वाटलं, कुटंतरी खांब येईल, मग फिरू. पळतच राहिले. नान्ना गेला तवा गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आन परत आले. खांब न्हवताच गं.”

मग तू म्हणालीस, “जा. पाय टेकव. तोंडानं सांग, मला शिकायचंय म्हणून. आन मग पळ. न सांगता पळालीस तर पळतच राहशील, माज्यासारखी.”

“आणि मला ठेवूनच घेतलं तर?”

“तर मी येते न्यायला. सोबतीला बाई लागतीच की.”

मला राग आला होता, अक्का. तुझं बरोबर आहे असं वाटत होतं म्हणून जास्त आला होता. तू स्टँडपर्यंत आलीस, मला करमाळ्याच्या गाडीत बसवलंस. मी खिडकीतून विचारलं, “तुझी आई आहे ना अजून?”

“हाय.”

“मग आधी तू जाऊन दाखव.”

तू कंडक्टर मारतो तशी गाडीच्या पत्र्यावर थाप मारलीस आणि म्हणालीस, “पो.” ते आपलं शेवटचं बोलणं.

मी घरी गेले आणि दोन दिवस काहीच बोलले नाही. मग आबा बाजारातून येऊन हातपाय धुऊन ओट्यावर बसले, विडी पेटवली, तेव्हा मी बोलले. पाठ करून ठेवलेलं निम्मं विसरले. एवढंच म्हणाले की मला परीक्षा द्यायची आहे आणि त्यापुढंही शिकायचं आहे, आणि पाहुण्यांसमोर बसले तर मग ते होणार नाही.

आबांनी विचारलं, “हे बोलायला कुणी शिकवलं?”

“अक्कानं.”

“मास्तरीण हाय?”

“खेळ शिकवते. तशी विड्या वळते.”

आबांनी तोंडातली विडी काढली आणि तिच्या दोऱ्याकडे बघितलं. “सोलापुरात?”

“भवानी पेठेत.”

“म्हंजे तिनं वळलेली म्या वडली असंल की,” असं म्हणून ते हसले. मग हसू थांबवून त्यांनी विचारलं, “आन तिनं तुला हितं धाडलं? दडवून ठिवली न्हाय?”

“मी म्हणत होते येत नाही म्हणून. तिनं गाडीत बसवलं. जाऊन सांग म्हणाली.”

त्यांनी विडी शेवटपर्यंत ओढली. आतून आई म्हणाली, “आन पावण्यांस्नी काय सांगायचं?”

“सांगू परीक्षा हाय म्हून,” आबा म्हणाले. “परीक्षेपतूर. पुढचं पुढं.”

निघताना त्यांनी पिशवीत भुईमुगाच्या शेंगा भरल्या. म्हणाले, “त्या बाईला दे. म्हणावं, विडी घट्ट वळती. मधीच इझत न्हाय.”

हे तुला सांगायचं होतं. गाडीत मी ते कसं सांगायचं याची तयारी केली होती. आबांची नक्कल कशी करायची, ‘मी बरोबर होते की नाही’ असं तू म्हणशील तेव्हा लगेच कबूल करायचं नाही. स्टँडवरून पिशवी घेऊन थेट तुझ्या गल्लीत आले. दारात चपला होत्या. तुझं सूप भिंतीला उभं करून ठेवलं होतं. तू सूप कधी उभं करून ठेवायची नाहीस, त्यात काहीतरी असायचंच. मला तिथेच कळलं.

काविळीने गेलीस म्हणाले. डोळे पिवळे झाले तेव्हा तू ते दिव्याच्या उजेडाने म्हणालीस. मला कुणी कळवलं नाही, कारण माझं करमाळ्यातलं घर कुणालाच माहीत नव्हतं. शेखमामा गिरणीतून तसेच आले होते आणि शेवटपर्यंत बरोबर होते, असं विमलने सांगितलं.

भावजी कधी माझ्याशी जास्त बोलले नव्हते. त्या दिवशी त्यांनी मला बसायला सांगितलं. म्हणाले, “तुला गाडीत बसवलं न्हवं, त्याच दिवशी ती शुक्रवार पेठेत गेली. मला म्हणाली, पोरीला धाडलं, आता मी बी जाते.”

मी विचारलं, “काय झालं तिथं?”

“लई न्हाय बोलली. म्हातारीनं काय विचारलं न्हाय म्हणं. खाली बस म्हणाली आन डोक्याला तेल लावलं. तसंच तेलाचं डोकं घिऊन आली. म्या म्हणलं, उशीवर फडकं टाक, तर न्हाय म्हणाली.” उशीकडे बघून ते म्हणाले, “उशीचा अभ्रा अजून धुतला न्हाय.”

मग म्हणाले, “करमाळा आली की तिला सांगायचंय, म्हणत हुती.” तू मला गावाच्या नावानेच हाक मारायचीस. भावजींना माझं खरं नाव माहीत नव्हतं.

मी शेंगांची पिशवी दिली आणि आबांचा निरोप सांगितला. विडी इझत न्हाय हे ऐकून ते हसले. मग रडले. त्यांनी पिशवीतल्या थोड्या शेंगा रुमालात बांधल्या. “एवढ्या म्हातारीला पोचवतो.” तुझ्या आईची आणि त्यांची पहिली भेट तू आजारी असताना झाली, तुझ्या उशाशी. हे तुला माहीत असेल. नसेल तर सांगितलं.

अक्का, मला तुझे आभार मानायचे आहेत, पण ते नीट जमत नाही, कारण मध्येच मला वाटतं, मी खिडकीतून ते बोलले नसते तर? तू गेली असतीस का? आणि कधी उलटं वाटतं, मी काही बोलले नसते तरी तू गेलीच असतीस, कारण दुसऱ्याला पळवून आपण उभं राहायचं हे तुला कधी जमलं नाही. पहिल्या दिवशीही तू आधी पळून दाखवलं होतंस. यातलं खरं कुठलं, ते तूच सांगू शकली असतीस. नियमाचं भांडणही तसंच राहिलं. दिवाळीला मी तुझ्या बाजूने गेले होते आणि तू माझ्या, आणि दोघींपैकी कुणी ते मान्य केलं नव्हतं.

सुट्टीनंतर सराव सुरू झाला. तिसऱ्या बेसजवळ कुणाला उभं करायचं ते अजून ठरलेलं नाही. शिबिर केलेलं कुणीतरी येणार आहे म्हणतात. तोवर शेखमामा पहिल्या आणि तिसऱ्याच्या मध्ये येरझारा घालतात. परवा चेंडू उंच गेला आणि सगळ्या मुली एकदम तुझ्या जागेकडे बघून थांबल्या. चेंडू खाली पडला तो कुणी झेललाच नाही. मामांनी टोपी काढली, पण पुन्हा घातली नाही.

यंदाचा अंक निघतोय. तुझा परिचय मी पूर्ण केला. लिहिलं की तू विड्या वळायचीस, मुलींच्या सोबतीला आलीस आणि शिकवायला राहिलीस. जी जागा सोडली होती तिथे लिहिलं, ‘खो-खो वडिलांकडून शिकल्या. ते विणकर होते.’ मग ते सरांकडे दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, पेन उघडलं आणि पुन्हा मिटलं. काही खोडलं नाही. म्हणाले, “असंच जाऊ दे.”

परीक्षा झाली की मी करमाळ्याला जाणार आहे. आबा म्हणाले होते, पुढचं पुढं, ते पुढचं तेव्हा येईल. त्या वेळी ते काय म्हणतील हे मला माहीत नाही. मला भीती वाटते. न्यायला येते म्हणाली होतीस, ती तू आता येणार नाहीस. पण मी जाईन, ओट्यावर त्यांच्या शेजारी बसेन आणि मला काय पाहिजे ते तोंडाने सांगेन. मग सोलापूरच्या गाडीकडे निघताना थोडा वेळ थांबेन. तुझी हाक ऐकल्याशिवाय माझे पाय उचलत नाहीत, ही सवय तूच लावलीस. हाक येणार नाही. तेव्हा मीच म्हणेन, हळू, कुणाला ऐकू जाणार नाही असं. पो.